देमेत्रिय सोनाराच्या गावात

श्रोतेहो, नमस्कार.

सोलापूरच्या माणसाला यात्रा म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. इकडे पंढरपूर, तिकडे तुळजापूर, पलीकडे अक्कलकोट. एसटी स्टँडवर फलाट विचारणारा परगावचा माणूस बहुधा कुठल्या तरी देवालाच निघालेला असतो. आम्हा ख्रिस्ती मंडळींचीही यात्रा असते, फक्त ती लांबची आणि खिशाला जड. बहुतेक जण जेरुसलेम, बेथलेहेम करून परततात. आमच्या गटाने जोडीला तुर्कस्तानही घेतलं होतं. त्यातल्या इफिसच्या दिवसाबद्दल आज बोलते.

इफिस हे इज्मीर प्रांतातल्या सेल्चुक गावाला लागून असलेलं जुनं, ओसाड शहर. येशूचा संदेश गावोगाव सांगत फिरणारा प्रेषित पौल इथे दोन-तीन वर्षं राहिला. तंबू करून पोट भरणारा हा माणूस. त्याच्या अंगावरचे रुमाल आणि फडकी नेऊन लोक आजाऱ्यांवर घालत आणि ते बरे होत, असं बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात लिहिलं आहे. बसमध्ये शास्त्रपाठ चालू असताना ही ओळ आली आणि टॉवेल-चादरींच्या गावची आमची मंडळी एकमेकांकडे बघून हसली.

सकाळी आधी डोंगरावरच्या मरियेच्या घरी गेलो. येशूचा शिष्य योहान याच्याबरोबर येशूची आई मरिया इथे येऊन राहिली, अशी श्रद्धा. जागा सापडली ती १८९१ मध्ये, तीसुद्धा जर्मनीतल्या अ‍ॅन कॅथरिन एमरिक नावाच्या जोगिणीला झालेल्या दृष्टान्तांच्या वर्णनावरून. ती बाई स्वतः कधी इकडे आलीच नव्हती. हेच मरियेचं घर, असा निर्वाळा कॅथलिक चर्चनेही दिलेला नाही, पण तीन पोप येऊन गेले. खाली एका भिंतीवर कागदाच्या, कापडाच्या हजारो गाठी बांधलेल्या. मुसलमान बायकाही तिथे मनोभावे उभ्या होत्या. कुराणात मरियेच्या नावाचा अख्खा अध्याय आहे. आम्ही प्रॉटेस्टंट. गाठी बांधणं आमच्यात नाही. तरी आमच्यातल्या दोघीतिघी भिंतीपाशी जरा जास्तच रेंगाळल्या. मी काही विचारलं नाही.

मग इफिस. संगमरवरी रस्ता पायांनी झिजून इतका गुळगुळीत झालाय की चपला सटकतात. ग्रंथालयाच्या दर्शनी भिंतीपाशी सगळ्यांनी फोटो काढले. मला ओढ होती ती नाट्यगृहाची. सुमारे २५ हजार माणसं मावतील एवढं, डोंगराच्या कुशीत कोरलेलं.

इथली गोष्ट आम्ही संडे स्कूलपासून ऐकलेली. इफिसची देवी अर्तमी. तिचं मंदिर जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक. देमेत्रिय सोनार तिचे रुप्याचे देव्हारे करून विकायचा, त्यावर बरेच कारागीर जगत. पौल सांगू लागला, हाताने केलेले देव हे देवच नव्हेत. देमेत्रियाने कारागीर गोळा केले आणि म्हणाला, या धंद्यावर आपलं चांगलं चाललंय, तो बसणार. आणि देवीचंही महत्त्व जाणार. पोटाचं आधी, देवीचं नंतर. या क्रमावर आमच्या मास्तरीणबाई हटकून बोट ठेवायच्या, आणि आम्ही पोरं देमेत्रियाला हसायचो.

त्या पायऱ्यांवर बसल्यावर मात्र मला हसू आलं नाही. गिरण्यांचे भोंगे बंद झालेले ज्या गावाने पाहिले, घरचे माग भंगारात गेलेले ज्यांनी पाहिले, त्यांनी त्याला काय हसायचं? मी पौलाच्याच बाजूची आहे. पण देमेत्रियाने निदान पोटाची गोष्ट देवीच्या पदराआड लपवली नाही.

पुढे गर्दी याच नाट्यगृहात घुसली आणि देवीच्या नावाने दोन तास ओरडत राहिली. बहुतेकांना आपण कशाला जमलोय हेच ठाऊक नव्हतं, असं शास्त्रच म्हणतं. (मोर्चे तेव्हापासून असेच.) शेवटी शहराच्या कारभाऱ्याने समजावलं, तक्रार असेल तर न्यायसभा आहेत, तिकडे जा. आमचा गाइड म्हणाला, पौलाने इथे उभं राहून त्या जमावाला उपदेश केला. ते काही खरं नाही. शिष्यांनी त्याला आत जाऊच दिलं नव्हतं.

खालच्या दारातून बाहेर पडलो तर दुकानांची रांग, आणि प्रत्येक दुकानात अर्तमी! लहान, मोठी, पांढरी, सोनेरी. आमच्यातल्या एकांनी वीतभर उंचीची घेतली आणि ओशाळून पाळकसाहेबांना विचारलं, "चालेल ना?" पाळकसाहेब म्हणाले, "कितीला दिली?"

दुपारी आयासुलुक टेकडीवर गेलो. सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात योहानाच्या कबरीवर बांधलेलं मोठं चर्च आता पडीक आहे. मध्ययुगात यात्रेकरू त्या कबरीतली माती औषध म्हणून घरी न्यायचे. तिथून खाली बघितलं की १३७५ ची इसा बे मशीद दिसते आणि पलीकडे दलदलीत एकच उभा खांब. अर्तमीच्या मंदिराचं तिथे उभं एवढंच उरलंय, आणि तोही सापडलेले तुकडे रचून उभा केलेला.

हे मंदिर गाळाखाली इतकं गडप झालं होतं की त्याची जागाही कुणाला माहीत नव्हती. जॉन टर्टल वुड हा इंग्रज तिथल्या रेल्वेची स्टेशनं बांधायला आलेला. त्याने नोकरी सोडून १८६३ पासून मंदिर शोधायला घेतलं. नाट्यगृहात त्याला इसवी सन १०४ चा शिलालेख मिळाला. देवीच्या सोन्यारुप्याच्या मूर्तींची मिरवणूक कोणत्या वेशीतून आत येते, कोणत्या वेशीतून परत जाते, ते त्यात कोरलेलं होतं. आमच्याकडे सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या वेळी नंदीध्वज ६८ लिंगांना ठरल्या वाटेनेच जातात, तशी तिथली वाट ठरलेली. वुडने वेस शोधली, वेशीतून निघणारा रस्ता खणत गेला, आणि १८६९ च्या शेवटच्या दिवशी जवळपास वीस फूट गाळाखाली मंदिराची फरशी लागली.

सेल्चुकच्या संग्रहालयात अर्तमीच्या मूळ मूर्ती आहेत. बसची घाई झाल्याने आमचं ते राहिलं. तुम्ही गेलात तर त्याला तासभर वेगळा ठेवा, आणि इफिसमध्ये वरच्या दारानेच शिरा. उतार लागतो, गुडघे वाचतात. नमस्कार.