कॅमेऱ्याला बोंडअळी ओळखायला कोण शिकवतं?

श्रोतेहो, नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे दोन हंगाम एकदमच येतात, पेरणीचा आणि ॲडमिशनचा. मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. यंदा येणारे पालक फी किंवा होस्टेलच्याही आधी विचारतात, "सर, ते एआय आलं म्हणतात. नोकऱ्या जातीन म्हणतात. मंग पोराले कायच्यात टाकू?"

मी त्यांना पुण्या-बंगळुरूचं उदाहरण देत नाही, पऱ्हाटीचंच, म्हणजे आपल्या कापसाचंच देतो.

गुलाबी बोंडअळी आपल्याला नवी नाही. 2017 साली तिनं विदर्भाचा कापूस कसा पोखरला, ते बोंड फोडून पाहणाऱ्यांना चांगलं आठवत असेल. बाहेरून बोंड हिरवंगार आणि आत सरकी खाल्लेली. त्यामुळे अळी दिसेपर्यंत थांबून चालत नाही, ती ज्याच्या अंड्यातून निघते त्या पतंगावरच नजर ठेवावी लागते. त्यासाठी कामगंध सापळा. त्यातल्या ल्यूरला, म्हणजे आमिषाला, मादीसारखा वास असतो, त्या वासानं नर पतंग येतात आणि अडकतात. एका सापळ्यात रात्रीला आठ पतंग, असे लागोपाठ तीन रात्री सापडले, की उपाय करायची वेळ आली असं शास्त्रज्ञ सांगतात. सांगायला सोपं आहे हो! पण निंदण, खत, फवारा, त्यात मजूर मिळेना. रोज सकाळी सापळ्यातले पतंग मोजत कोण बसतो?

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं यासाठी कॅमेऱ्याचा सापळा तयार केला. 2024 मध्ये पंजाबातल्या मानसा, भटिंडा, मुक्तसर या कापसाच्या जिल्ह्यांत तो शेतात लावला गेला. कॅमेरा फोटो काढतो, संगणकाचा प्रोग्राम पतंग मोजतो आणि आकडा शेतकऱ्याच्या मोबाईलवर येतो.

आता मुलांनी इकडे लक्ष द्या. त्या कॅमेऱ्याला बोंडअळीचा पतंग कळतो कसा? त्याला कोणी व्याख्या पाठ करून दिलेली नसते. आधी सापळ्यांचे ढीगभर फोटो गोळा करावे लागतात. चिकट कागदावर पतंग एकमेकांवर पडलेले, कोणाचा पंख तुटलेला, मध्येच माशी, मध्येच धूळ. जाणता माणूस फोटोतल्या एकेका पतंगाभोवती चौकट आखतो आणि सांगतो, हा आपला, हा नाही. अशी हजारो उदाहरणं पाहून प्रोग्राम स्वतःचे अंदाज सुधारत जातो. हेच ते एआय. चौकट आखणाराच चुकला, तर यंत्रही चुकीचंच शिकतं, आणि वर ठामपणे सांगतं. म्हणजे ज्याला पऱ्हाटी कळते त्याची गरज इथं पहिल्याच पायरीवर लागते. (नुसत्या चौकटी आखायच्या कामाला पैसा मात्र बेताचाच मिळतो. तिथंच थांबू नका.)

पुढची पायरी मला जास्त जवळची आहे. असा सापळा वावरात उभा करायचा म्हणजे सोलर पॅनल आलं, बॅटरी आली, सिमकार्ड आलं. पॅनलवर धूळ बसते, भिंगावर दव साचतं, वायर उंदीर कुरतडतो, नाल्याच्या पलीकडे रेंज नसते. तेव्हा हातात मल्टिमीटर घेऊन चिखलात उतरणारा कोणी तरी लागतो. ते काम कुठल्याही शहरात एसीत बसून होत नाही.

बाकी एआय तुमच्या खिशात कधीच येऊन बसलं आहे. मराठीत बोललं की फोन टाइप करून देतो, संशयास्पद व्यवहार दिसला की बँक अडवते, ते यातलंच. पीएम-किसानच्या प्रश्नांना उत्तरं देणारा 'किसान ई-मित्र' 2023 पासून आहे. बोलकं एआय वापरताना एक मात्र ध्यानात ठेवा. ते वाचलेल्या मजकुराच्या आधारानं पुढचा संभाव्य शब्द जुळवत जातं, त्यामुळे खोटंही तितक्याच सफाईनं बोलतं. आपली वऱ्हाडी त्यानं वाचली तरी किती असेल? निबंधात चूक झाली तर मास्तर लाल रेघ ओढेल. औषधाचं प्रमाण चुकलं तर? त्याच 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली. प्रमाण विचारायचं ते डब्यावरच्या लेबलला आणि कृषी विज्ञान केंद्राला, चॅटला नाही.

मग शिकायचं काय? आधी गणित. संभाव्यता, आलेख, सरासरी हे "परीक्षेपुरतं" म्हणून सोडलेले धडेच एआयचा पाया आहेत. "तीन महिन्यांत एआय इंजिनिअर व्हा" अशा जाहिरातींवर कापसाचे पैसे उधळू नका, हे मी स्पष्टच सांगतो. दहावीनंतर आयटीआयमध्ये एआय प्रोग्रॅमिंग असिस्टंट हा एक वर्षाचा ट्रेड आहे. पण इलेक्ट्रिशियन किंवा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक त्याहून कमी समजू नका. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा तीन वर्षांचा, त्यानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या संकेतस्थळावर चांगल्या संस्थांचे अभ्यासक्रम फुकट पाहता येतात, पैसे लागतात ते परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तर. इंग्रजीची भीती वाटत असेल तर व्हिडिओ थांबवून थांबवून पाहा, त्यात लाज कसली?

आणि ॲडमिशनची वाट पाहत रिकामे बसू नका. पेरणीनंतर साधारण 45 दिवसांनी घरच्या पऱ्हाटीत एकरी दोन कामगंध सापळे लावा. रोज सकाळी पतंग मोजा, वहीत तारीख, सापळा, आकडा आणि रात्री पाऊस होता की नव्हता ते लिहा. सोबत फोटोही काढून ठेवा. पंधरवड्यानं ते मोबाईलच्या स्प्रेडशीटमध्ये भरा, आलेख काढा आणि बाबांना दाखवा. आणि हो, ल्यूर तीन-चार आठवड्यांनी बदलावी लागते. बदलल्याची तारीखही त्याच वहीत टाका, नाहीतर आकडा खाली का आला आणि एकदम वर का गेला, याचा पत्ता लागायचा नाही.

नमस्कार.