जेफरसनच्या घरातली माणसं

(दृश्य: सभागृहातून बाहेर नेला जाणारा पुतळा)

नोव्हेंबर २०२१. न्यूयॉर्कच्या नगर परिषदेच्या सभागृहात शंभराहून अधिक वर्षं उभा असलेला थॉमस जेफरसनचा पुतळा तिथून हलवण्यात आला. 'सर्व माणसं समान जन्माला येतात' हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातलं वाक्य १७७६ साली लिहिणारा हा माणूस. आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम बाळगणाराही हाच. मग त्याचं काय करायचं? हा वाद घालायचा, तर त्याच्या घरी जायला हवं.

(दृश्य: व्हर्जिनिया, टेकडीवरचं माँटिसेलो, जेफरसनचा वाडा)

वाड्याशेजारच्या या वाटेचं नाव मलबेरी रो. इथे खिळ्यांचा कारखाना होता आणि त्यात दहा ते सोळा वर्षांची गुलाम मुलं राबायची. सळई तापवायची, टोक काढायचं, तोडायचं, डोकं ठोकायचं. दिवसभर तेच. कोणत्या मुलाला किती लोखंड दिलं, त्याने किती खिळे काढले, किती लोखंड वाया घालवलं, याची नोंद जेफरसन स्वतःच्या हाताने ठेवायचा.

त्याची बाजू घेणारे म्हणतात, काळच तसा होता. ही सबब आम्हाला पटत नाही. गुलामगिरी अन्याय आहे हे त्यानेच लिहून ठेवलंय. त्याच्याच व्हर्जिनियात रॉबर्ट कार्टर या जमीनदाराने १७९१ पासून साडेचारशेहून अधिक गुलाम मुक्त करायला घेतले. १८१४ मध्ये एडवर्ड कोल्स या तरुण शेजाऱ्याने जेफरसनला पत्र लिहून विनवलं: मुक्तीच्या कामात पुढाकार घ्या. जेफरसनने वयाकडे बोट दाखवलं. हे काम तरुणांचं, म्हणाला. १८१९ मध्ये कोल्स आपल्या गुलामांना घेऊन इलिनॉयला निघाला. ओहायो नदीवर, चालत्या नावेतच त्याने त्यांना सांगितलं, आजपासून तुम्ही मोकळे. काळ दोघांचा एकच होता.

(दृश्य: सॅली हेमिंग्जची आठवण जपणारी खोली)

सॅली हेमिंग्ज ही जेफरसनच्या घरातली गुलाम. तिचं एकही चित्र उरलेलं नाही. १७८७ मध्ये जेफरसनच्या धाकट्या मुलीची सोबत म्हणून ती पॅरिसला गेली, तेव्हा जेमतेम चौदा वर्षांची होती. तिचा मुलगा मॅडिसन याने पुढे सांगितलं: फ्रान्समध्ये आईला स्वातंत्र्य मागता आलं असतं, होणाऱ्या मुलांना एकविसाव्या वर्षी मुक्त करण्याचं वचन घेऊन ती परतली, आणि आम्हा भावंडांचा बाप जेफरसनच. ही हकिकत ओहायोतल्या एका वर्तमानपत्रात १८७३ मध्ये छापून आली. त्याच वर्षी इकडे पुण्यात जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना ती अर्पण केली.

मॅडिसनचं बोलणं मात्र बहुतेक इतिहासकारांनी शतकभर उडवून लावलं. १९९८ च्या डीएनए चाचणीत सॅलीच्या धाकट्या मुलाचा वंश जेफरसन घराण्याशी जुळला. माँटिसेलो सांभाळणाऱ्या संस्थेनेही २००० साली जेफरसनचं पितृत्व अतिशय संभाव्य मानलं. काही अभ्यासक अजूनही मानत नाहीत. पण जन्मलेल्या मुलाची साक्ष इतकी वर्षं कुणी विचारातच घेऊ नये, हे आम्हाला फार लागतं.

४ जुलै १८२६. जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षं झाली त्याच दिवशी जेफरसन वारला. मागे लाखाहून अधिक डॉलरचं कर्ज होतं. मृत्युपत्रात त्याने पाच जणांना मुक्त केलं. त्यांतला एक म्हणजे जो फॉसेट नावाचा लोहार. पण त्याची बायको एडिथ आणि मुलं मुक्त झाली नाहीत. ज्या एडिथने वर्षानुवर्षं या घरातला स्वयंपाक रांधला, तीही जानेवारी १८२७ च्या लिलावात उभी होती. त्या लिलावात १३० माणसं विक्रीला काढली होती.

जो फॉसेटने जमेल तसं एकेक माणूस विकत घेऊन सोडवलं. लिलावात अकरा वर्षांचा असलेला त्याचा मुलगा पीटर पुढे सिनसिनाटीत बाप्टिस्ट धर्मोपदेशक झाला, आणि पळून आलेल्या गुलामांना त्याने आसरा दिला. जेफरसनचं ते वाक्य अमेरिकेने जरूर जपावं. त्या वाक्याला जागली ती फॉसेटसारखी माणसं. पुतळे उभारायचे तर आधी त्यांचे उभारावेत.