पासवर्डची पेटी

नमस्कार श्रोतेहो.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा आम्ही कुर्ल्याला तळमजल्यावर राहायचो. टेबलाखालचा कॉम्प्युटर पाण्यात गेलाच, आणि बाबांची निळी वहीही गेली. कपाटाच्या खालच्या खणात असायची ती. सगळे पासवर्ड तिच्यात होते. आईनं पानं सुटी करून दोरीवर वाळत घातली, पण शाई पार ओघळून गेली होती.

आज माझे पासवर्ड कीपास या मोफत प्रोग्रॅममध्ये असतात. २००३ पासून तो मिळतो आणि इंटरनेटशिवाय चालतो. सगळं एकाच फाइलमध्ये, कुलूपबंद, आपल्याच कॉम्प्युटरवर. ही फाइल उघडणारा एकच पासवर्ड, म्हणजे मास्टर पासवर्ड, विसरलात तर मात्र कुणीही तो परत मिळवून देऊ शकत नाही, हे आधीच मनाशी पक्कं करा.

या मास्टर पासवर्डवरच सगळी मदार आहे. चोरानं फाइलची नक्कल नेली, तर तो घरी बसून हवे तितके अंदाज लावू शकतो. एटीएमसारखं तीन चुकांनंतर काही अडत नाही. म्हणून मुलाचं नाव आणि जन्मसाल कृपा करून नको. सापशिडीचा फासा घ्या. पाच वेळा टाकलात की पाच आकडे येतात. त्या आकड्यांसमोरचा शब्द डाइसवेअरच्या ७७७६ शब्दांच्या यादीतून उचला. असे सहा शब्द झाले की पासवर्ड तयार. शब्द आवडला नाही म्हणून बदलू नका, कारण आपली आवडनिवड ओळखता येते, फाशाचं दान ओळखता येत नाही. मला पाठ व्हायला आठवडा लागला.

मग फाइलच्या सेटिंगमध्ये आर्गॉन२ निवडा, म्हणजे मास्टर पासवर्डपासून कुलपाची किल्ली बनवायची एक पद्धत. ही पद्धत २०१५ ला पासवर्डसाठीच्या जागतिक स्पर्धेत पहिली आली होती. फाइल उघडायला साधारण एक सेकंद लागेल एवढं तिचं काम वाढवा. आपल्याला एक सेकंद काहीच नाही, पण चोराला प्रत्येक अंदाजामागे तेवढीच मेहनत पडते.

की-फाइल, म्हणजे पासवर्डच्या जोडीनं कुलूप उघडायला लागणारी वेगळी फाइल, वापरत असाल तर ती पासवर्डच्या फाइलशेजारी ठेवू नका. उठून जाताना प्रोग्रॅम लॉक करा. आणि अपडेट टाळू नका: २०२३ मध्ये कीपासमध्ये असा दोष सापडला होता की कॉम्प्युटरच्या मेमरीतून मास्टर पासवर्ड, पहिलं अक्षर सोडून, जवळजवळ पूर्ण काढता येत होता. २.५४ आवृत्तीत तो दुरुस्त झाला. कॉम्प्युटरमध्येच टाइप केलेलं चोरणारा व्हायरस शिरला असेल, तर मात्र यातलं काहीच पुरत नाही. म्हणून प्रोग्रॅम मूळ साइटवरूनच घ्या, मित्रानं दिलेल्या पेन ड्राइव्हवरून नको.

आता बॅकअप, जो पुराच्या पाण्यानं मला शिकवला. माझी एक प्रत घरच्या पेन ड्राइव्हवर आहे, दुसरी डोंबिवलीला ताईकडे, तिसऱ्या मजल्यावर. दर महिन्याच्या एक तारखेला घरची प्रत उघडून बघते, ताईकडची गेले की. न उघडणारी प्रत असून नसल्यासारखी. सहा शब्द कागदावर लिहून पाकिटात घालून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलेत, दागिन्यांच्या डबीखाली. लॉकर आईच्या आणि माझ्या नावावर आहे. पाकीट कशाचं आहे, ते तिला मी सांगून ठेवलंय.