परतीच्या तारखेचा रकाना

(दृश्य: नवापूर रेल्वे स्थानक, सकाळची वेळ.)

सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नवापूर स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत आहे. प्रवासी त्या सीमारेषेवर थांबून हौसेने छायाचित्रे काढतात. शंभर वर्षांपूर्वीही या परिसरात एक सीमा होतीच. सीमेच्या अलीकडे होता 1906 साली खानदेशाची फाळणी होऊन तयार झालेला पश्चिम खानदेश हा इंग्रजी जिल्हा, आणि पलीकडे सोनगडच्या बाजूला बडोदे संस्थानाचा मुलूख लागत असे. त्या संस्थानात 1910 साली महाराज सयाजीराव गायकवाड यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतले आणि गावोगावी मोफत वाचनालये काढण्याचे काम हाती घेतले. जेथे वाचनालय नव्हते, तेथे पेट्यांमधून फिरती पुस्तके पाठवली जात. पुस्तकासाठी वाचकाने पैसे मोजावेत ही अट तेथे मुळातच नव्हती.

अलीकडच्या बाजूला वाचनालये नव्हती असे नाही. जळगावच्या वल्लभदास वालजी वाचनालयाची परंपरा 1877 पर्यंत मागे जाते, आणि ज्यांनी त्या काळी अशा संस्था उभ्या केल्या त्यांचे ऋण खानदेशावर आहेच. मात्र त्या काळातील आपल्याकडची बहुतेक वाचनालये वर्गणीदारांच्या बळावर चालत. वर्गणी दरमहा भरायची असल्यामुळे वाचक कोण, याचे एक चित्र तिच्यात आपोआप गृहीत धरले गेले: ज्याला महिन्याच्या महिन्याला पैसा मिळतो, तो. वकील, कारकून, शिक्षक, व्यापारी त्या चित्रात बसत होते. ज्याची मजुरी रोजच्या रोज मिळते आणि रोजच्या रोज संपते, तो बसत नव्हता.

1967 साली महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, पण ग्रंथालय उपकराची, म्हणजे ग्रंथालयांच्या खर्चासाठी बसवायच्या जादा कराची, तरतूद त्यात ठेवली नाही. मद्रास प्रांताने ती 1948 सालीच केली होती. आपल्याकडे अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे शासनाचे अनुदान मिळते आणि उरलेला खर्च संस्थेने उभा करायचा असतो. त्यामुळे नावात 'सार्वजनिक' असूनही वर्गणी, अनामत आणि दंड या तीन गोष्टी बहुतेक ठिकाणी टिकून राहिल्या. तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या ग्रंथपालाला यासाठी दोष देणे अन्यायाचे ठरेल.

(दृश्य: सातपुड्याच्या पायथ्याचा रस्ता, मजुरांनी आणि बिऱ्हाडांनी भरलेला ट्रक.)

2011 च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात आदिवासींचे प्रमाण सुमारे 69 टक्के आणि साक्षरतेचे प्रमाण सुमारे 64 टक्के होते. या जिल्ह्यातून अनेक कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. अशा घरातील मुलीने निघण्याच्या आदल्या दिवशी पुस्तक नेले, तर ते पुस्तकही पाचटाच्या खोपीत मुक्कामाला जाते आणि काही महिन्यांनी तिच्याबरोबर परत येते. दंडाच्या हिशेबात मात्र ही मुलगी गुन्हेगार ठरते. मग ती पुस्तक परत करायला येतच नाही. पुस्तकही जाते आणि वाचकही. अमेरिकेतील शिकागो शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाने 2019 साली विलंबाचा दंड बंद केला, तेव्हा परत येणाऱ्या पुस्तकांची संख्या घटण्याऐवजी वाढली. दंड माफ केल्यास शिस्त बिघडेल, असे म्हणणाऱ्यांनी या अनुभवाकडे जरूर पाहावे.

मोफत वाचनालय म्हणजे केवळ पैसे न घेणारे वाचनालय नव्हे. सभासदत्वाच्या अर्जावर जामीनदाराची सही आणि पत्त्याचा पुरावा मागितला, की पालावर राहणारे पारधी कुटुंब उंबरठ्यावरच अडते. संध्याकाळी दोन तास दार उघडे ठेवले, तर नेमक्या त्याच वेळी चूल पेटवणारी बाई वगळली जाते. वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती फक्त पुरुष बसलेले असले, की कोणतीही पाटी न लावता मुलींना नको तो संदेश मिळतो. राज्याच्या निधीतून पूर्णतः किंवा अंशतः चालणाऱ्या सार्वजनिक ठिकाणी जात, धर्म किंवा लिंग यांच्या कारणाने कोणालाही अडवता येणार नाही, असे संविधानाचे पंधरावे कलम सांगते. परंतु 'कोणाचा रे तू?' या एका प्रश्नाने परत फिरलेल्या मुलाची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

भाषेचा प्रश्न याहून खोल आहे. धडगावकडे पावरी, नवापूरकडे मावची, तर तापीच्या खोऱ्यात अहिराणी बोलली जाते, आणि कपाटात मात्र जवळजवळ सगळी पुस्तके प्रमाण मराठीत असतात. यावर उपाय म्हणून मोठ्याने वाचन करता येते: वाचणाऱ्याने मराठी पान वाचावे, थांबावे आणि तीच गोष्ट मुलांच्या बोलीत सांगावी. ज्यांना अक्षरओळख नाही, त्यांनाही या वाचनात जागा असली पाहिजे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची कविता घरातल्यांनी उतरून घेतली म्हणून ती आपल्यापर्यंत पोहोचली. खानदेशातल्या वाचनालयाने निरक्षर माणसाला दारातून परत पाठवणे म्हणजे त्यांचा वारसा नाकारणे होय.

अंध वाचकांच्या बाबतीत कायदा कधीच पुढे गेला आहे. कॉपीराइट कायद्यातील 2012 च्या दुरुस्तीनंतर त्यांच्यासाठी पुस्तकाचे सुलभ रूप तयार करण्यास त्याची आडकाठी उरली नाही, आणि त्यासाठीच्या माराकेश कराराला 2014 साली सर्वप्रथम मान्यता देणारा देशही भारतच होता. गावाच्या वाचनालयाला एक मोबाइल, एक ध्वनिवर्धक आणि शिकवणारा एक माणूस मिळाला, तरी सुरुवात करता येते.

(दृश्य: उघडी देवघेव नोंदवही, एक हात रकाने आखतो आहे.)

या नोंदवहीत वाचकाचे नाव, गाव आणि पुस्तकाचा दाखल क्रमांक एवढे पुरेसे आहे. शेवटचा रकाना परतीच्या तारखेचा. सातपुड्यात होळी हा सर्वांत मोठा सण आहे. काठी गावची राजवाडी होळी पाहायला दूरदूरचे लोक येतात, आणि कामासाठी बाहेर गेलेली माणसे त्या सणाला गावाची वाट धरतात. ऊसतोडीला निघालेल्या मुलीच्या नावासमोर त्या रकान्यात 'होळी' एवढी दोनच अक्षरे लिहिता येतील.