प्रथिनांची पकड किती घट्ट? एका थेंबाच्या उष्णतेतून पेशीचा संदेश वाचताना

नमस्कार. पडद्यावरच्या या आलेखात खाली उतरणारे अठरा-एकोणीस सुळके दिसत आहेत. सुरुवातीचे लांब आहेत, मधले झपाट्याने आखूड होत गेले आहेत आणि शेवटचे जेमतेम दिसतात. यांतला प्रत्येक सुळका म्हणजे २ मायक्रोलिटरचा एक थेंब प्रथिनाच्या द्रावणात पडल्यावर बाहेर आलेली उष्णता. पेशीच्या संदेशवहनात दोन रेणू एकमेकांना धरतात, तेव्हा त्या पकडीत ऊर्जेचा व्यवहार नेमका कसा होतो हे या सुळक्यांवरून काढता येते, आणि आज मला तेच सविस्तर सांगायचे आहे.

आधी धरणारा कोण ते पाहू. पेशीच्या बाहेरून वाढीचा संदेश आला की आवरणातील ग्राही प्रथिनाच्या काही टायरोसिनांवर (टायरोसिन हे एक अमिनो आम्ल) फॉस्फेट बसते, आणि ते फॉस्फेट ओळखून आतली दुसरी प्रथिने तिथे येऊन चिकटतात. चिकटणाऱ्या या प्रथिनांमध्ये सुमारे १०० अमिनो आम्लांचा एक घडीबंद भाग असतो, त्याला एसएच२ म्हणतात. कॅनडातील टोनी पॉसन यांच्या गटाने १९८६ मध्ये तो ओळखला, आणि माणसाच्या प्रथिनांमध्ये असे सुमारे १२० भाग आहेत. फॉस्फेट काढून टाकले की पकड जवळजवळ नाहीशी होते; पेशीतली कळ चालू आणि बंद होते ती अशी.

पकड किती घट्ट आहे हे सांगण्यासाठी विलगन स्थिरांक वापरतात; तो जितका लहान, तितकी पकड घट्ट. १ मायक्रोमोलर स्थिरांक याचा अर्थ असा की, मोकळ्या जोडीदाराची संहती तेवढी झाली की निम्मी प्रथिने धरलेली आणि निम्मी मोकळी असतात. २५ अंश सेल्सिअसला या स्थिरांकाची मुक्त ऊर्जा, म्हणजे पकडीतला ऊर्जेचा निव्वळ हिशेब (जितका उणे, तितकी पकड घट्ट), मोलमागे सुमारे उणे ३४ किलोजूल येते. इथे एक हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे: पकड दहापट घट्ट झाली तर मुक्त ऊर्जेत फक्त ५.७ किलोजूलचा फरक पडतो. एसएच२ भाग योग्य आणि अयोग्य जोडीदारांत जो फरक करतो तो बहुधा दहा ते शंभर पटींचा असतो, म्हणजे पेशीची सारी निवड एवढ्याशा ऊर्जेवर चालते. मला स्वतःला या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते.

आता यंत्राकडे वळू. याचे नाव आयसोथर्मल टायट्रेशन कॅलरीमीटर. प्रयोगशाळेत सगळे त्याला नुसते आयटीसी म्हणतात. आत धातूच्या दोन कुप्या असतात, एकीत प्रथिनाचे द्रावण आणि दुसरीत पाणी, आणि दोन्हींचे तापमान सतत सारखे राहील एवढी विद्युतशक्ती यंत्र पुरवत असते. थेंब पडून उष्णता बाहेर आली की पहिल्या कुपीला द्यायची शक्ती तेवढ्यापुरती कमी होते, म्हणून सुळका खाली जातो. ही उष्णता किती असते? प्रथिनाचा जोडीदार म्हणून पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची आखूड साखळी, वापरतात; २०० मायक्रोमोलर पेप्टाइडचा २ मायक्रोलिटरचा थेंब घ्या, त्यात ०.४ नॅनोमोल रेणू आले. मोलमागे ५० किलोजूल उष्णता सुटत असेल, तर एका थेंबामागे २० मायक्रोजूल झाले. २०० मायक्रोलिटरच्या कुपीत ती पसरू दिली, तर तापमान अंशाच्या सुमारे चाळीस हजाराव्या भागाने वाढेल. मुंबईच्या जुलै महिन्यात खोलीचे एसी चालू-बंद होत असताना एवढासा फरक पकडणारे हे यंत्र पाहिले की मन आदराने भरून येते.

मात्र एवढी संवेदना असलेले यंत्र तुमची प्रत्येक चूकही तितक्याच निष्ठेने मोजते. विद्यार्थिदशेत मी प्रथिन रात्रभर डायलिसिसला लावले, म्हणजे बारीक छिद्रांच्या पिशवीत ठेवून त्याचे द्रावण बदलले, सकाळी त्याच बफरमध्ये (सामू, म्हणजे पीएच, स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) पेप्टाइड विरघळवले, द्रावणातली हवा काढली, बुडबुडा राहणार नाही अशी सुई भरली आणि मोजणी सुरू केली. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे सुळके सारखेच लांब आले. पकड खरी असेल तर जागा भरत जातात आणि सुळके लहान होत जातात. इथे तसे काहीच नव्हते. दोन दिवसांनी कारण सापडले: कृत्रिमरीत्या बनवलेल्या पेप्टाइडासोबत ट्रायफ्लुरोअॅसेटिक आम्ल आलेले होते, त्याने पेप्टाइडच्या द्रावणाचा सामू घसरला होता, आणि मी मोजत होतो ती आम्लाची उष्णता होती. तेव्हापासून सामूची पट्टी बुडवल्याशिवाय मी सुई भरत नाही. बफरची निवडही अशीच जपून करावी लागते, कारण ट्रिस बफर मोलमागे एक प्रोटॉन घेताना सुमारे ४७ किलोजूल उष्णता सोडतो, तर फॉस्फेट बफरचा आकडा फारच लहान असतो. पकडीत प्रोटॉनची देवघेव होत असेल, तर एकच मोजणी दोन बफरांत करून हा वाटा वेगळा काढावा लागतो.

इतका खटाटोप कशासाठी, असा प्रश्न रास्त आहे, कारण स्थिरांक तर इतर पद्धतींनीही मिळतो. उत्तर असे की मुक्त ऊर्जा ही दोन घटकांची बेरीज आहे, आणि आयटीसी त्यांतला उष्णतेचा घटक, म्हणजे एन्थाल्पी, थेट मोजते. समजा, दोन पेप्टाइडे एकाच प्रथिनाला १ मायक्रोमोलर स्थिरांकाने धरतात. दुसरा घटक एन्ट्रॉपीचा, म्हणजे रेणूंच्या मोकळेपणाचा. पहिल्यात एन्थाल्पी उणे ५० आहे आणि एन्ट्रॉपीचा भुर्दंड अधिक १६. दुसऱ्यात एन्थाल्पी केवळ उणे १० आहे आणि एन्ट्रॉपीची मदत उणे २४. बेरीज दोन्हीकडे उणे ३४ किलोजूलच. पहिल्यात बहुधा हायड्रोजन बंध आणि विद्युतभारांचे आकर्षण नेटाने काम करते, तर दुसऱ्यात पृष्ठभागाला चिकटलेले पाणी सुटून मोकळे होणे महत्त्वाचे ठरते. औषध घडवणाऱ्याला हा फरक माहीत असावाच लागतो, कारण एखादा जादा हायड्रोजन बंध जोडून मिळवलेली एन्थाल्पी कित्येकदा रेणू ताठरल्यामुळे एन्ट्रॉपीच्या खात्यातून निघून जाते.

या पद्धतीने एकेका अमिनो आम्लाची किंमतही काढता येते. सार्क या प्रथिनाच्या एसएच२ भागात फॉस्फेटला धरणारे एक आर्जिनिन आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते बदलून अॅलनिन बसवले, तेव्हा मोलमागे सुमारे १३ किलोजूल गमावले गेले, म्हणजे पकड सुमारे दोनशे पट सैल झाली.

मग अधिक घट्ट पकड अधिक चांगली का नाही? मोकळे रेणू जुळण्याचा वेग सेकंदाला मोलरमागे १ कोटी धरला, तर १ मायक्रोमोलरची जोडी सरासरी एक दशांश सेकंद टिकते आणि १ नॅनोमोलरची १०० सेकंद. संदेश थांबवायचा तर फॉस्फेट काढणाऱ्या विकराला ती जागा मोकळी मिळाली पाहिजे. २०१२ मध्ये संशोधकांनी एसएच२ भागात तीन बदल करून त्याची पकड कमालीची घट्ट केली आणि तो भाग पेशीत घातला, तेव्हा त्याने फॉस्फेटच्या जागा अडवून धरल्या आणि वाढीचा संदेश पुढे जाईनासा झाला.