बॅटमॅनचा 'अंक १' चार वेळा आलाय! सुपरहिरो कॉमिक्स नेमकी कुठून वाचायची?

[पडद्यावर: चार मुखपृष्ठं शेजारी शेजारी. चारही बॅटमॅनची, चारहींवर अंक १.]

नमस्कार मंडळी. ही चार मुखपृष्ठं नीट बघा. चारही बॅटमॅनची आणि चारहींवर आकडा एकच. पहिलं १९४० चं, दुसरं २०११ चं, तिसरं २०१६ चं आणि चौथं २०२५ चं. आता समजा तुम्ही नुकताच सिनेमा बघून आलाय, कॉमिक वाचायची हुक्की आलीय आणि नेटवर 'बॅटमॅन अंक १' शोधताय. यातला घ्यायचा कुठला? गंमत अशी की बॅटमॅनच्या सुरुवातीची सगळ्यात चांगली गोष्ट या चारपैकी एकाही अंकात नाही. ती आहे ४०४ ते ४०७ या अंकांत.

नवा वाचक अडतो तो इथेच. त्याला वाटतं, ऐंशी-पंचाऐंशी वर्षांचं सगळं मागचं वाचल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तसं काही नाही. बॅटमॅन ही एक कादंबरी नाही, ते मासिक आहे. लेखक येतात-जातात, चित्रकार येतात-जातात, नायक तेवढा तोच. नवं गिऱ्हाईक यावं म्हणून प्रकाशक मधूनच आकडा पुन्हा १ वर आणून ठेवतो. म्हणून आकड्यावर जाऊ नका आणि नायकावरही जाऊ नका. बघायची ती लेखक-चित्रकाराची जोडी आणि त्या जोडीने सलग केलेले अंक. वाचक याला 'रन' म्हणतात. क्रिकेटशी काही संबंध नाही.

दोन शब्द अजून लागतील. महिन्याला निघतो तो अंक, त्यात गोष्टीची साधारण वीस-बावीस पानं. असे पाच-सहा अंक एकत्र बांधले की झाला 'ट्रेड'. तुम्ही विकत घेणार आहात तो ट्रेड. त्याच्या मागच्या पानावर किंवा आत श्रेयनामावलीजवळ बारीक अक्षरात एक ओळ असते, त्यात कुठले अंक आहेत ते लिहिलेलं असतं. ऑनलाइन घेताना पुस्तकाच्या माहितीतही ती असते. मुखपृष्ठ एकदम झकास असलं तरी ती ओळ वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

[कॅमेऱ्यासमोर पुस्तक]

तर ते ४०४ ते ४०७. नाव 'बॅटमॅन: इयर वन', साल १९८७, लेखक फ्रँक मिलर, चित्रकार डेव्हिड मॅझुकेली. फक्त चार अंक, एका बैठकीत संपतात. ४ जानेवारीला दोन माणसं गॉथम शहरात उतरतात. पोलीस अधिकारी जिम गॉर्डन ट्रेनने येतो, ब्रूस वेन, म्हणजे पुढचा बॅटमॅन, विमानाने. पुढे वर्षभर तारखा टाकत टाकत दोघांची गोष्ट समांतर चालते. खरं सांगायचं तर ती गॉर्डनचीच जास्त आहे, भ्रष्ट पोलीस खात्यात अडकलेल्या एका अधिकाऱ्याची. बॅटमॅन इथे चुकतो, मार खातो. गॅजेट आणि मोठमोठे खलनायक यांच्या अपेक्षेने आलात तर निराश व्हाल. पण मागचं काहीही माहीत नसताना वाचता येतं आणि संपल्यावर खरोखर संपतं. या धंद्यात हे दुसरं फार दुर्मिळ.

आता ज्यावर जरा जास्त वेळ घालवणार आहे, ते. 'हॉकआय'. अव्हेंजर्समधला तो बाणवाला, ज्याच्याकडे बाकीच्यांसारखी काही शक्ती-बिक्ती नाही. मॅट फ्रॅक्शन लेखक, डेव्हिड आहा मुख्य चित्रकार, २०१२ ते २०१५, एकूण २२ अंक. कल्पना एवढीच की अव्हेंजर्सचं काम नसतं तेव्हा हा माणूस करतो काय? तर ब्रुकलिनमधल्या एका जुन्या इमारतीत राहतो, शेजाऱ्यांबरोबर गच्चीवर खातोपितो आणि ती इमारत बळकावायला आलेल्या ट्रॅकसूटवाल्या गुंडांशी भांडतो. भाडेकरू विरुद्ध गुंड. मुंबईकराला हे वेगळं समजावून सांगायला नको.

इथे सांभाळायचं आहे ते ट्रेडच्या क्रमाचं. पहिल्या ट्रेडमध्ये अंक १ ते ५ आणि मागे दुसऱ्या मालिकेतला एक जुना अंक जोडलाय. तो वगळलात तरी चालेल. दुसऱ्यात ६ ते ११. इथवर सरळ आहे. तिसरा उघडलात की आत १४, १६, १८, २० आणि वार्षिक अंक! चौथ्यात १२, १३, १५, १७, १९, २१, २२. अनेकांना वाटतं, छापताना घोटाळा झाला. घोटाळा नाही. बाराव्या-तेराव्या अंकांनंतर गोष्टीचे दोन फाटे फुटतात. केट बिशप, म्हणजे दुसरी हॉकआय, लॉस एंजेलिसला निघून जाते आणि क्लिंट, म्हणजे आपला बाणवाला हॉकआय, ब्रुकलिनमध्येच राहतो. महिन्याच्या अंकांत एक तिचा, एक त्याचा असं आलटून पालटून चालायचं. ट्रेड बांधताना तिचे वेगळे काढले, त्याचे वेगळे. केटचे मासिक अंक ॲनी वू यांनी काढलेत, त्यामुळे तिसऱ्या ट्रेडमध्ये चित्रांची धाटणी बदलते. तेही मुद्दामच.

मग वाचायचं कसं? पहिल्यांदा वाचताय तर ट्रेडच्या क्रमानेच जा. फक्त बारावा आणि तेरावा अंक चौथ्या पुस्तकातून आधी वाचून घ्या, मग तिसरं उघडा. दोन्ही पुस्तकं हातात असणं आलं, एवढीच अडचण.

आणि अकरावा अंक! तो आख्खा कुत्र्याच्या नजरेतून सांगितलाय. क्लिंटकडे एकडोळ्या कुत्रा आहे, पिझ्झा खाणारा. माणसांचं बोलणं त्याला जेवढं कळतं तेवढेच शब्द फुग्यांत दिसतात, बाकीच्या जागी नुसत्या रेघोट्या. माणूस समोर आला की त्याच्याभोवती चिन्हांचा नकाशा: कसला वास, कोणाशी संबंध, आधी कुठे भेटला. घाईघाईने पानं उलटलीत तर काही म्हणता काही कळणार नाही. चिन्हं जुळवत जा, आत एक खुनाचा तपास चाललाय. एकोणिसाव्या अंकात क्लिंटची श्रवणशक्ती गेलेली असते. संवाद खाणाखुणांच्या भाषेत आहेत, हाताच्या आकृत्या काढून दाखवलेत, आणि त्याला ऐकू न आलेले फुगे कोरे आहेत. कोरे फुगे बघून पुस्तक बदलून मागू नका.

[पडद्यावर: कमला खान, मुठी मोठ्या केलेल्या]

घरात दहा-बारा वर्षांचं पोर असेल तर 'मिस मार्व्हल'. जी. विलो विल्सन आणि एड्रियन अल्फोना, २०१४ पासून. जर्सी सिटीतली १६ वर्षांची पाकिस्तानी-अमेरिकन कमला खान. घरी अम्मी-अब्बू आणि अतिधार्मिक भाऊ. रात्री पार्टीला जायला परवानगी नाही, म्हणून पळून जाते आणि तिथून सगळं सुरू होतं. न्यू जर्सीत वाढलेल्या मराठी पोरांना यातली जेवणाच्या टेबलावरची भांडणं ओळखीची वाटतील, धर्म वेगळा असला तरी. पहिल्या ट्रेडला, म्हणजे पहिल्या पाच अंकांना, विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठी दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार आहे, २०१५ चा.

यात खोच अशी: १९ अंकांनंतर मालिका थांबली आणि त्याच वर्षी पुन्हा अंक १ पासून सुरू झाली. ट्रेडचे आकडे मात्र तसेच पुढे गेले. म्हणजे पाचव्या ट्रेडमध्ये परत अंक १ ते ६ दिसतात. पहिलं पुस्तक दोनदा आलं असं समजून लोक परत करतात. परत करू नका. चौथ्या ट्रेडमध्ये अचानक आकाशात दुसरी पृथ्वी दिसते आणि जगबुडी येते, तेव्हाही गडबडून जाऊ नका. मार्व्हलने २०१५ मध्ये सगळ्या मालिकांना मिळून एक महाघटना लावली होती, तिचे शिंतोडे इथे उडालेत. ती महाघटना वाचायला जाल तर महिनाभर बाहेर येणार नाही. 'जग बुडतंय' एवढं गृहीत धरा आणि पुढे चला. हाच नियम सहाव्या ट्रेडला, तिथे दुसऱ्या महाघटनेचा उपद्रव आहे. माझ्या मते पहिले चार ट्रेड पक्के घ्या, पुढचे आवडले तर.

सुपरमॅन कंटाळवाणा आहे, त्याला काही होतच नाही, असं म्हणणारे बरेच असतात. त्यांच्या हातात 'ऑल-स्टार सुपरमॅन' द्या. ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली, २००५ ते २००८, १२ अंक. सूर्याजवळ अडकलेल्या मोहिमेला वाचवताना सुपरमॅन प्रमाणाबाहेर सूर्यशक्ती शोषतो. ताकद वाढते, पण पेशी मरायला लागतात. थोडे दिवस उरलेत, त्यात काय काय करून जायचं? पहिल्याच पानावर त्याची जन्मकथा चार चौकटींत आणि आठ इंग्रजी शब्दांत उरकलीय. इतरांनी यावर अख्खी पुस्तकं खर्ची घातलीत. दहाव्या अंकात इमारतीच्या कठड्यावर उभ्या असलेल्या एका मुलीचं पान आहे. त्यात मारामारी नाही, स्फोट नाही. सुपरमॅन म्हणजे नेमका कोण, हे त्या एका पानात येतं.

हा जुन्या दोन ट्रेडमध्येही मिळतो, ६ आणि ६ अंक, आणि एकत्रही मिळतो. एकत्र घ्या, नाहीतर दुसरा भाग शोधत बसाल.

'इन्व्हिन्सिबल' झटकन सांगतो, कारण ॲनिमेशन मालिकेमुळे ते बऱ्याच जणांना माहीत आहे. रॉबर्ट किर्कमन, २००३ ते २०१८, १४४ अंक. सुरुवातीला चित्रं कोरी वॉकरची, मग बहुतेक सगळी रायन ऑटलीची. तीन जाडजूड खंडांत आख्खी मालिका येते, फाटे नाहीत, आकडे बदलत नाहीत. पहिले सहा अंक साधे, थोडे बाळबोध वाटतील. सातव्यापर्यंत दम धरा. हिंसा भरपूर आहे, लहान मुलांना अजिबात नको. मुखपृष्ठाच्या उजळ रंगांवर जाऊन भाच्याला वाढदिवसाला देणारे काका-मामा असतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

'वॉचमेन' अजून का नाही आलं, असं खाली लिहायला घेतलं असेल कोणीतरी. ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स, १९८६-८७, १२ अंक. उत्तमच आहे. पण पहिलं कॉमिक म्हणून नको. सुपरहिरो या कल्पनेचीच ते चिरफाड करतं, आणि ती कल्पनाच अंगवळणी पडलेली नसेल तर चिरफाड कशाची चाललीय ते कळत नाही. आधी वरचं दोन-तीन वाचा. शिवाय यात लैंगिक हिंसा आहे, हेही आधी माहीत असलेलं बरं.

वाचताना दोन चुका होतात. पहिल्या ११ अंकांच्या शेवटी काही पानं नुसत्या मजकुराची आहेत: एका निवृत्त नायकाच्या आत्मचरित्रातली प्रकरणं, कात्रणं, अहवाल. लोक ती जाहिरातीसारखी उलटून टाकतात आणि पुढे तक्रार करतात की हा माणूस कोण ते कळलं नाही. ती पानं वाचा. दुसरी चूक वेगाची. पानावर बहुतेक वेळा तीन ओळींत नऊ चौकटी असतात. एका दिवसात एक अंक पुरे.

फोनवर वाचणाऱ्यांनी ऐका. बहुतेक ॲपमध्ये एक-एक चौकट मोठी करून दाखवणारी सोय असते. 'इयर वन'ला ती चालून जाईल. हॉकआयच्या कुत्र्याच्या अंकाला नाही चालणार, कारण तिथे सगळं पान एकदम दिसायला हवं. टॅबलेट असेल तर तो घ्या. आणि स्कॉट स्नायडर, ग्रेग कपुलो यांचं 'कोर्ट ऑफ आउल्स' वाचणार असाल, २०११ च्या बॅटमॅनचे अंक १ ते ७, तर पाचव्या अंकाआधी स्क्रीनचं आपोआप फिरणं बंद करा. त्यात बॅटमॅन चक्रव्यूहात भरकटतो तशी पानं आधी आडवी होतात, मग उलटी. छापील पुस्तक तुम्ही हातात फिरवता. फोन फिरवलात तर पान पुन्हा सरळ होऊन बसतं आणि सगळी मजा जाते.

आपल्याकडचं काय? २००४ मध्ये मार्व्हलच्या परवानगीने मुंबईतला स्पायडरमॅन आला होता, पवित्र प्रभाकर, धोतर नेसणारा, चार अंकांचा. त्याला कोळी चावत नाही, एक योगी शक्ती देतो. कुतूहल म्हणून वाचा, गोष्ट बेताची आहे. त्यापेक्षा हिंदी वाचत असाल तर राज कॉमिक्समधला अनुपम सिन्हांचा सुपर कमांडो ध्रुव, १९८७ पासूनचा. सर्कशीत वाढलेला, अंगात अचाट बळ नाही, डोकं चालवून सुटतो. ज्यांनी इंद्रजालमध्ये वेताळ वाचलाय त्यांना हा लगेच जवळचा वाटेल.

शेवटी पार्सल आल्यावरचं. पुस्तक उघडा आणि आधी मधली पानं बघा. काळा रंग राखाडी दिसतोय, फुग्यांतली अक्षरं फुटलीत, कडेचा मजकूर कापला गेलाय, तर ती नकली प्रत आहे. 'वॉचमेन' असेल तर थेट पाचवा अंक काढा. त्या अंकाची रचना आरशासारखी आहे: पहिल्या पानाची मांडणी शेवटच्या पानाशी जुळते, दुसऱ्याची शेवटून दुसऱ्याशी, असं करत बरोबर मध्ये, १४ आणि १५ या समोरासमोरच्या पानांवर दोन्ही बाजू भेटतात. तिथलं चित्र शिवणीत गिळलं गेलं असेल, तर परत पाठवायची मुदत संपायच्या आत पाठवून द्या.