केळीच्या सोपटातलं नॅनोसेल्युलोज

केळीच्या खोडाला घड एकदाच येतो. रावेर-यावलच्या मळ्यांत घड उतरला की ते खोड तोडून बांधावर टाकतात आणि ते तिथेच कुजतं. माझी आजी त्याच खोडाचं सोपट सोलायची, वाळवायची आणि पुन्हा भिजवून त्याच्या दोराने फुलांचे हार बांधायची. तो दोर हाताने ओढून तुटायचा नाही. आज आपण त्या दोराच्या आत काय आहे आणि त्यातून नॅनोसेल्युलोज, म्हणजे सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म स्फटिक काड्या, कशा काढतात ते बघू.

धाग्याला बळ देतं ते सेल्युलोज. १८३८ साली फ्रान्समध्ये आन्सेल्म पायेन यांनी ते वनस्पतींतून वेगळं काढलं. पण सोपटात ते एकटं नसतं. भोवती लिग्निन (वनस्पतीला कडकपणा देणारा पदार्थ) आणि हेमिसेल्युलोज (सेल्युलोजसारखाच, पण विस्कळीत साखळ्यांचा पदार्थ) घट्ट बसलेली असतात, आधी ती काढावी लागतात. धागा बारीक कापून ४ टक्के कॉस्टिक सोड्यात ८० अंशांवर दोनेक तास ठेवायचा. पाणी कोऱ्या चहासारखं होतं. सोडा कडक केला तर काम लवकर होईल असं वाटतं, पण तो मोह टाळा. सोडा १५ टक्क्यांच्या पुढे गेला की सेल्युलोजच्या साखळ्यांची मांडणीच बदलू लागते आणि जो स्फटिक आपल्याला हवा, तोच हातचा जातो. त्यानंतर सोडियम क्लोराइटने ब्लीच करायचं, धागा पांढराशुभ्र होईपर्यंत, लागलं तर तीन-चार वेळा.

मग येतं आम्ल. १९४९ च्या सुमारास स्वीडनमध्ये बेंग्ट रॉन्बी यांनी सल्फ्युरिक आम्लाची वाट दाखवली. आजची नेहमीची कृती अशी: साधारण ६४ टक्के सल्फ्युरिक आम्ल, ४५ अंश तापमान, पाऊण ते एक तास. साखळ्यांचा विस्कळीत भाग आम्ल आधी खातं, शिस्तीत रचलेला स्फटिक मागे राहतो. माझ्या पहिल्याच खेपेला तापमान चढलं आणि भांड्यातलं सगळं काळ्या गुळासारखं झालं. तेव्हापासून मी थर्मामीटरवरची नजर काढत नाही. वेळ भरली की दहापट थंड पाणी ओतून क्रिया थांबवायची.

पुढचा क्षण मला फार आवडतो. सेंट्रिफ्यूजमध्ये धुताना पहिल्या एक-दोन खेपांना वरचं पाणी नितळ राहतं, गाळ खाली बसतो. आम्ल कमी होत गेलं की एका खेपेला वरचं पाणी अचानक दुधाळ होतं आणि बसायचं नाव घेत नाही. आम्लातून कणांना चिकटलेल्या सल्फेटमुळे त्यांच्यावर ऋण भार आलेला असतो, आता ते एकमेकांना ढकलत तरंगत राहतात. तेच नॅनोसेल्युलोज. आडव्या-उभ्या धरलेल्या दोन पोलरायझर काचांमध्ये ती बाटली हलवा, आत उजेडाचे पट्टे सरकताना दिसतील.

पण दुधाळ दिसलं म्हणजे झालं, असं मी विद्यार्थ्यांना म्हणू देत नाही. एफटीआयआरमध्ये (नमुना इन्फ्रारेड प्रकाश कुठे शोषतो ते दाखवणाऱ्या चाचणीत) १५१० च्या आसपासची लिग्निनची खूण गेली का, ते बघा. एक्स-रेच्या आलेखात २२.५ अंशांच्या कोनाजवळचं शिखर टोकदार झालं का, तेही बघा. त्यावरून सेगल पद्धतीने (शिखराची आणि शेजारच्या दरीची उंची ताडून) काढलेला स्फटिकतेचा आकडा मात्र थोडा फुगलेला असतो. तो आपल्याच नमुन्यांची तुलना करायला वापरा, अंतिम सत्य म्हणून छापू नका.

सर्वांत जास्त फसवणूक होते ती आकाराची. प्रकाशाच्या विखुरण्यावरून माप देणारं यंत्र कण गोल धरून चालतं. आपला कण काडीसारखा असतो: रुंदी ५-१० नॅनोमीटर, लांबी शे-दोनशे. यंत्राचा ‘१२० नॅनोमीटर’ हा आकडा ना लांबी असतो ना रुंदी. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली शेकडो काड्या एकेक करून मोजाव्या लागतात. डोळे दुखतात, पण एकेक मोजण्याला पर्याय नाही. अणुबल सूक्ष्मदर्शक (बारीक सुईने पृष्ठभाग चाचपणारा) वापरलात तर जाडीसाठी उंची धरा. रुंदी धरू नका, कारण सुईच्या टोकामुळे ती फुगते.

आणि मिळालेलं द्रव ओव्हनमध्ये वाळवू नका. पाणी जाताना काड्या एकमेकींना अशा चिकटतात की पुन्हा पाण्यात टाकून सुट्या होत नाहीत. आमच्या फ्रिजमधल्या बाटलीत म्हणूनच दोन टक्के नॅनोसेल्युलोज असतं आणि उरलेलं सगळं पाणी.